दहा घरांची दहा नाणी

हाताला काम नाही, तरी चूल पेटते. कशी? ‘गरिबाचा वाली देव’ हे उत्तर मला कधीच पटलं नाही. त्यामागे गणित आहे, आणि फार देखणं गणित आहे.

समजा, मजुरीवरचं एक घर. आठवड्यात काम मिळालं तर २००० रुपये, नाही तर शून्य. छापा की काटा, तसंच. एकट्या घराचे निम्मे आठवडे कोरडे जाणार. आता अशी दहा घरं एकमेकांना उसनं देतात असं धरा. मापटंभर ज्वारी, वाटीभर तेल, पन्नासाची नोट. लिहून ठेवलेलं काहीच नाही, पण कुणाचं काय फेडायचंय ते प्रत्येक बाईला तोंडपाठ. दहाही घरांना एकाच आठवड्यात काटा पडण्याची शक्यता १०२४ मध्ये १! चार ते सहा घरांना काम असण्याची शक्यता ६७२/१०२४, म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश. घरामागची सरासरी हजारच राहते, पण प्रमाणित विचलन, म्हणजे कमाई सरासरीपासून साधारण किती वर-खाली होते त्याचं माप, घरांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत घटतं; हजाराचं ३१६ होतं.

इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेने १९७५ पासून सोलापूर जिल्ह्यातल्या शिरापूरसह काही गावांत घरोघरच्या कमाई-खर्चाच्या नोंदी ठेवल्या. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये त्यातल्या तीन गावांचा अभ्यास मांडला. घरखर्च स्वतःच्या कमाईपेक्षा गावाच्या सरासरीबरोबर जास्त हलताना दिसला.

मेख एवढीच, की नाणी सुटी हवीत. पाऊसच दडी मारून बसला, की अख्ख्या गावाचं नाणं एकच. उसनं मागायचं कुणाकडे? तेव्हा कामाला येतं लांबचं सोयरं. याच नोंदींवरून रोझेनझ्वाइग आणि स्टार्क या अर्थतज्ज्ञांनी १९८९ मध्ये दाखवलं, की ज्यांची शेती जास्त बेभरवशाची, ती घरं लेकींची लग्नं लांबच्या गावी करतात, आणि या सोयरिकींमुळे खाण्यातले चढउतार कमी होतात. लांबच्या गावचा पाऊस वेगळा! आणि आपण दुष्काळाच्या साली आलेल्या सुनेला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणतो. तिच्या माहेरची ज्वारी खाऊन तिलाच हे ऐकवायचं, याचा मला संताप येतो.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचं नाणं एकदमच काट्यावर पडलं. चाळीत उसनं मागणारा गिरणीतला आणि देणाराही गिरणीतलाच. कित्येकांनी कोकणातलं, घाटावरचं गाव गाठलं; गावची शेती हे त्यांचं दुसरं नाणं. ज्याला जमीनच नाही, त्याचं काय? टाउनसेंड यांच्याही तीनपैकी एका गावात भूमिहीनांना हा आधार शेजाऱ्यांपेक्षा कमी मिळत होता.

रोजगार हमी मला मोलाची वाटते ती इथे. महाराष्ट्राने तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू केला, आणि तिच्यासाठी १९७५ मध्येच व्यवसाय कर बसवला होता. पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा कापलेले दोनशे रुपये दिसतात ना, तो हाच कर. मुंबईतल्या त्या पगाराला शिरापूरच्या पावसाशी काही देणंघेणं नाही.