पूल गेममधला नेम आणि अंशाचा दहावा भाग

मोबाइलवर पूल खेळताना मधेच जाहिरात येते, हे अ‍ॅप टाका, नेमाची लाईन थेट पॉकेटपर्यंत दिसेल, एकही शॉट चुकणार नाही. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गोव्यातल्या कुठल्याही घरात बघा, कॅरम बोर्ड भिंतीला टेकवलेला असतो आणि पोरं फोनवर एट बॉल खेळत बसलेली असतात, आणि त्यातल्या कुणीतरी असलं एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून घेतलेलं अ‍ॅप, टाकलेलंच असतं. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू की नेम चुकतो तो नेमका कुठे चुकतो, कारण ते कळलं की सरळ मार्गाने सराव करून नेम खरंच सुधारतो.

आधी बेसिक. रंगीत बॉल ज्या पॉकेटमध्ये घालायचाय तिथून बॉलच्या मध्यातून एक रेघ मनात मागे ओढायची, आणि त्या रेघेवर बॉलला चिकटून मागे आणखी एक बॉल आहे असं धरायचं. याला घोस्ट बॉल म्हणतात. आपण काठीने मारतो तो पांढरा बॉल बरोबर त्या जागी पोचला की काम झालं. कॅरममध्ये आपण हेच करतो, फक्त तिथे स्ट्रायकर सोंगटीपेक्षा मोठा असतो. पूलमध्ये दोन्ही बॉल सारखेच, त्यामुळे हिशोब सुटसुटीत होतो. पांढऱ्याचा मध्य रंगीत बॉलच्या बरोबर कडेवर धरला तर कट, म्हणजे पांढऱ्याची वाट आणि रंगीत बॉलची वाट यांच्यातला कोन, 30 अंशांचा होतो, कारण बाजूचं अंतर एक त्रिज्या आणि दोन मध्यांमधलं अंतर दोन त्रिज्या, म्हणजे साइन बरोबर अर्धा, दहावीतलं त्रिकोणमिती. हा एक कट डोळ्यात बसला की बाकीचे त्याच्यापेक्षा जाड (बॉलला जास्त भरून लागणारे) की पातळ (कडेला घासून जाणारे) एवढंच ठरवायचं उरतं.

आता मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट. पूलचा बॉल साधारण 57 मिलिमीटरचा. पांढरा आणि रंगीत बॉल एक मीटर लांब आहेत आणि शॉट एकदम सरळ आहे असं धरा. तुमची दिशा पाव अंशाने चुकली तर पांढरा बॉल तिथे पोचेपर्यंत चारेक मिलिमीटर बाजूला सरकलेला असतो. चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण टक्कर होताना हे चार मिलिमीटर 57 मिलिमीटरच्या समोर मोजले जातात, आणि त्यामुळे रंगीत बॉल पाव अंशाने नाही तर जवळजवळ चार अंशांनी वाकडा जातो. सोळा-सतरा पट! पुढे तो आणखी एक मीटर गेला की सात सेंटिमीटर बाहेर. कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास, त्यात बॉलची जागा सोडली की दोन्ही बाजूला तीन सेंटिमीटरसुद्धा उरत नाहीत. म्हणजे या शॉटला चूक एक दशांश अंशाच्या आत ठेवावी लागते. आणि कट असेल तर हा गुणक कटच्या कोसाइनने भागला जातो, 60 अंशांच्या कटला कोसाइन अर्धा, म्हणजे चूक सरळ दुप्पट. उलट पांढरा बॉल निम्म्या अंतरावर असला की चूक निम्म्याहून कमी. म्हणून मी म्हणेन की चांगला नेम हा निम्मा मागच्या शॉटमध्येच तयार होतो, पांढरा बॉल कुठे थांबवला त्यावर. फ्रान्सच्या कोरिओलिस या गणितज्ञाने 1835 साली बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहिलं होतं, हाच तो कोरिओलिस ज्याच्या नावाचा परिणाम आपल्याकडच्या चक्रीवादळांना फिरवतो.

फोनवर गोष्ट आणखी नाजूक आहे. अंश तेच राहतात पण टेबल तळहाताएवढं छोटं होतं. बोट पांढऱ्या बॉलभोवती फिरवून नेम धरायचा असेल आणि बोट बॉलपासून दोन सेंटिमीटरवर असेल तर एक मिलिमीटर हलल्यावर दिशा जवळजवळ तीन अंशांनी बदलते. तेच बोट आठ सेंटिमीटर लांब ठेवलं तर पाऊण अंशापेक्षा कमी. त्यामुळे बोट नेहमी जमेल तितकं लांब, आणि शेवटचा बारीक फरक गेममध्ये कडेला चाक दिलेलं असेल तर त्यानेच. हे गेमनेच दिलेलं असतं, सगळ्यांना सारखं मिळतं, त्यात फसवणूक काही नाही.

लांब लाईन दाखवणाऱ्या अ‍ॅपचा प्रश्न नुसता अकाउंट बॅन होण्याचा नाही, आणि स्क्रीनवरचं सगळं वाचायची परवानगी अनोळखी एपीकेला देणं धोक्याचं आहे हे तर आहेच. हालचाली शिकण्यावर काम करणाऱ्या संशोधकांनी 1984 मध्ये मांडलं होतं की सराव करताना दर वेळी उत्तर दाखवत राहिलं तर माणूस त्या उत्तरावरच टेकतो, आणि ते काढून घेतलं की कामगिरी पडते. लाईन बघून बॉल पॉकेटमध्ये घालणाऱ्याचा डोळा कोन शिकतच नाही. आणि लकी क्यू (काठी), अमुक वेळेला खेळलं की जिंकतो, हे सगळं सोडा, बॉलला घड्याळ कळत नाही.

सराव असा करा. प्रॅक्टिस मोडमध्ये आधी लाईनकडे न बघता घोस्ट बॉल कुठे आहे ते मनात ठरवा, मग लाईन बघा, फरक किती ते बघा. लाईन छोटी करता येत असेल तर हळूहळू छोटी करत जा. चुकलं की जाड लागलं की पातळ एवढं तरी लिहून ठेवा, सारखं एकाच बाजूला चुकत असेल तर ती सवय आहे आणि सवय बदलता येते. आणि पणजी-मडगावात कुठे खरं टेबल मिळालं तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. पावसाळ्यात कापड ओलसर असतं, बॉल लवकर थांबतो. आणि दोन बॉल घासताना रंगीत बॉल थोडा पांढरा ज्या दिशेने जात असतो त्या दिशेने ओढला जातो, हळू शॉटला आणि मळक्या बॉलला जास्तच, त्यामुळे फोनवरच्या रेघेपेक्षा कट किंचित पातळ घ्यावा लागतो.