बूस्ट आवरत नाही? आधी वेस्टगेटची वाट तपासा

टर्बोमध्ये एक्झॉस्टचा वायू टर्बाइन फिरवतो, त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर इंजिनात जादा हवा कोंबतो (या हवेच्या जादा दाबालाच बूस्ट म्हणतात), त्या हवेबरोबर जादा इंधन जळतं आणि एक्झॉस्ट आणखी वाढतो. हे चक्र मोकळं सोडलं तर पेट्रोल इंजिनात नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) होऊन पिस्टन जातो, नाहीतर टर्बो अतिवेगाने फुटतो. लहान टर्बो मिनिटाला २ लाखांहून जास्त फेरे घेतात. म्हणून काही वायू टर्बाइनला वळसा घालून बाहेर काढावा लागतो. ते काम वेस्टगेटचं. १९६२ च्या ओल्ड्समोबाइल जेटफायरमध्येही ती झडप होती.

साध्या रचनेत ही झडप हलवणाऱ्या ॲक्च्युएटरच्या डब्यात रबरी डायफ्रॅम (पडदा) आणि स्प्रिंग असते. कॉम्प्रेसरकडून आलेला दाब स्प्रिंगवर मात करतो, दांडी सरकते, झडप उघडते. कॉम्प्रेसर ते ॲक्च्युएटर या नळीत मध्ये बसवलेला सॉलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी छोटी झडप, नळीतला थोडा दाब सोडून देतो. ॲक्च्युएटरला दाब कमी भासतो, झडप उशिरा उघडते, आणि ०.५ बारच्या स्प्रिंगवरही १ बारच्या आसपास बूस्ट धरता येतो. उलट मात्र होत नाही. स्प्रिंग ठरवते त्यापेक्षा कमी बूस्ट सॉलेनॉइड देऊ शकत नाही.

झडपेला आतून एक्झॉस्टही ढकलत असतो, हे बऱ्याचदा हिशेबातून सुटतं. २५ मिलिमीटर व्यासाच्या झडपेचं क्षेत्रफळ जवळजवळ ४.९ चौरस सेंटिमीटर. तिच्या दोन बाजूंच्या दाबात १ बारचा फरक असला, की तिच्यावर सुमारे ५ किलोचा रेटा येतो. स्प्रिंग ढिली असेल तर झडप अवेळी किलकिली होते, आणि वरच्या आरपीएमला बूस्ट ढासळतो.

बूस्ट ठरल्यापेक्षा जास्त जातोय, तर सॉलेनॉइड बदलण्याआधी एक चाचणी करावी. ही दाबावर चालणाऱ्या ॲक्च्युएटरसाठी आहे, व्हॅक्यूमच्या किंवा इलेक्ट्रिक ॲक्च्युएटरला लागू नाही. सॉलेनॉइड वगळून कॉम्प्रेसरची नळी थेट ॲक्च्युएटरला जोडा आणि गेजवर नजर ठेवून बेताने एक्सलरेटर द्या. बूस्ट स्प्रिंगच्या दाबाशी थांबला, तर झडप ठीक आहे. दोष सॉलेनॉइडचा, नळ्यांचा किंवा सेटिंगचा. आरपीएमबरोबर तो हळूहळू चढतच राहिला आणि दांडीही पूर्ण सरकत असेल, तर झडप उघडी असूनही वायूला वाट पुरत नाही. यालाच बूस्ट क्रीप म्हणतात. इथे बूस्ट कंट्रोलर कितीही महागडा बसवला तरी काही उपयोग नाही.

क्रीप बहुतेक वेळा मोकळा डाउनपाइप (टर्बोनंतरची एक्झॉस्टची नळी) आणि मोठा एअर फिल्टर लावल्यावर उपटतो. इंजिनातून वायू वाढतो, वेस्टगेटचं भोक तेवढंच राहतं. बूस्ट जितका कमी ठेवायचा, तितका जास्त वायू वळवावा लागतो, म्हणजे वेस्टगेट तितकीच मोठी हवी. अनेकांची समजूत नेमकी याच्या उलट असते.

भोक २५ वरून २८ मिलिमीटर केलं तर क्षेत्रफळ २५ टक्के वाढतं. रेटाही तेवढाच वाढतो, त्यामुळे कडक स्प्रिंग लागू शकते, आणि झडप बसायला कडेने धातू शिल्लक राहायला हवा. झडप किती उचलली जाते तेही मोजा: व्यासाच्या पाव भागापर्यंत, म्हणजे २५ च्या भोकाला सुमारे ६ मिलिमीटर उचलल्याचा फायदा होतो, पुढे फारसा नाही. बाहेरची स्वतंत्र वेस्टगेट लावताना तिची नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधल्या (इंजिनातून टर्बोकडे वायू नेणाऱ्या नळ्यांमधल्या) वाहत्या वायूच्या दिशेलाच तिरकी फुटलेली हवी. काटकोनात किंवा उलट्या दिशेने जोडली, तर मोठी वेस्टगेटही वायू नीट ओढत नाही.

ॲक्च्युएटर तपासायला रेग्युलेटर लावलेली हवा द्या. स्प्रिंगच्या दाबाजवळ दांडी हलायला लागली पाहिजे, आणि हवा बंद केल्यावर मिनिटभर गेजचा काटा उतरता कामा नये. उतरला तर डायफ्रॅम किंवा नळी फुटलेली आहे. दांडीची लांबी अशी ठेवा, की झडप फिरवणाऱ्या लिव्हरच्या खुंटीवर चढवताना ती १ ते २ मिलिमीटर ओढावी लागेल. त्याहून ताण दिला तर बूस्ट वाढतो खरा, पण झडपेची एकूण चाल घटते आणि क्रीपला आमंत्रण मिळतं. चेकनट आवळताना दांडी पकडून धरावी, नाहीतर डायफ्रॅम पिळवटतो.

थंड इंजिनात खडखड येत असेल, तर लिव्हरचं बूश झिजलेलं असण्याची शक्यता जास्त. दांडी ताणून आवाज काही दिवस दबतो, झीज मात्र चालूच राहते. बूश किंवा टर्बाइन हाउसिंगच बदलावं लागतं.