फिट्झरॉय आणि वादळाचा बावटा

‘बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला’ अशी बातमी कोकणातून आली, की गप्पांच्या कट्ट्यावर हवामान खात्याची चेष्टा सुरू होते. ही चेष्टा दीडशे वर्षांहून जुनी आहे. तिचे पहिले घाव ज्याने सोसले तो माणूस म्हणजे ब्रिटिश नौदलाचा अधिकारी रॉबर्ट फिट्झरॉय.

डार्विनला ‘बीगल’ जहाजावरून जगप्रदक्षिणेला नेणारा कप्तान, एवढीच त्याची ओळख आपल्याला असते. पण १८३६ मध्ये ती सफर संपल्यावर त्याने जे केलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. मधली वर्षं भराभर सांगतो: खासदारकी, न्यूझीलंडचं गव्हर्नरपद, तिथून परत बोलावणं. १८५४ मध्ये ब्रिटिश सरकारने हवामानाचा नवा विभाग काढला आणि त्याची सूत्रं फिट्झरॉयकडे दिली. काम ठरलं होतं ते जहाजांकडून आलेल्या नोंदी गोळा करण्याचं. अंदाज वर्तवायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबर १८५९ मध्ये मेलबर्नहून लिव्हरपूलला निघालेलं ‘रॉयल चार्टर’ हे जहाज घर तोंडावर आलं असताना वेल्सजवळच्या अँगलसी बेटाच्या खडकांवर फुटलं. चारशेहून अधिक माणसं गेली. फिट्झरॉयने त्या वादळाच्या ठिकठिकाणच्या नोंदी एकत्र मांडल्या आणि त्याची खात्री पटली, की तारायंत्र (टेलिग्राफ) वापरलं असतं तर वादळाची सूचना आधी देता आली असती.

ती कशी, हे समजायला हवेचा दाब मोजणाऱ्या वायुभारमापकाकडे नीट पाहू. समुद्रसपाटीला हवेचा दाब नळीतला साधारण ७६ सेंटिमीटर उंचीचा पारा तोलून धरतो. उत्तर अटलांटिकमधल्या जोरदार वादळाच्या मध्यावर तो ७२ सेंटिमीटरपर्यंत उतरू शकतो. चार सेंटिमीटर म्हणजे किरकोळ वाटतं. पण हिशेब केला तर तिथे दर चौरस मीटरवरची सुमारे ५४० किलो हवा कमी झालेली असते! ही हवा गेली कुठे? वादळात हवा वर चढते आणि उंचावर बाजूंना पसरते. वरून जितकी हवा बाहेर जाते, तितकी खालून आत येत नाही, तोवर दाब उतरत राहतो. तूट भरायला खालची हवा मध्याकडे धावते, पण पृथ्वीच्या भ्रमणामुळे उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळते. म्हणून ती सरळ मध्यात न शिरता त्याच्याभोवती घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं, की कमी दाब डाव्या हाताला. हा नियम डच शास्त्रज्ञ बाइस-बॅलट याने १८५७ मध्ये मांडला होता.

आता एकाच बंदरातला पारा पाहून फार काही कळत नाही. तो किती वेगाने उतरतोय हे पाहावं लागतं, आणि त्याच वेळी दुसऱ्या बंदरांत काय चाललंय हेही. वादळ समुद्रावरून तासाला साधारण तीस-पन्नास किलोमीटर सरकतं. तारेचा निरोप मिनिटांत पोहोचतो. फिट्झरॉयने नेमका हाच फरक कामाला लावला. सकाळी ठिकठिकाणचा दाब, तापमान, वारा तारेने लंडनला यायचा. धोका दिसला की बंदरांना तार जायची आणि तिथल्या काठीवर कापडी शंकू चढायचा. टोक वर असेल तर उत्तरेकडून वादळ, खाली असेल तर दक्षिणेकडून. फेब्रुवारी १८६१ मध्ये या सूचना सुरू झाल्या. १ ऑगस्टपासून लंडनच्या ‘टाइम्स’ वर्तमानपत्रामध्ये रोजचा अंदाजही छापून येऊ लागला. ध्रुवाकडची थंड हवा आणि विषुववृत्ताकडची उबदार हवा एकमेकींना घासून जाताना, नदीच्या दोन धारांमध्ये पडावेत तसे भोवरे पडतात, असं तो मानत असे. नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी पहिल्या महायुद्धानंतर मांडलेली सीमापृष्ठांची, म्हणजे थंड आणि उबदार हवा जिथे भिडतात त्या सीमांची, कल्पना याच्या बरीच जवळची आहे.

चंद्राच्या कलांवरून वादळं सांगणारे लोक तेव्हाही होते, आणि आपले अंदाज म्हणजे भविष्यकथन नव्हे, असं फिट्झरॉय ठासून सांगत असे. आपल्याकडे नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस यावरून पाऊस ठरवणारे आजही आहेत. त्या बेडकामागे एकही मोजमाप नाही. मात्र ‘स्टॉर्म ग्लास’वर, म्हणजे कापूर आणि क्षारांचं द्रावण भरलेल्या बंद काचनळीवर, खुद्द फिट्झरॉयचाही विश्वास होता, हेही सांगायला हवं. त्या नळीतले स्फटिक मुख्यतः तापमानामुळे कमीजास्त होतात. शोभेची वस्तू म्हणून ती जरूर घ्या, वादळ ओळखायला नको.

अंदाज चुकले की वर्तमानपत्रं तुटून पडत. मोठ्या शास्त्रज्ञांचा आक्षेप होता, की या अंदाजांना सिद्धांताचा पाया नाही. आक्षेप खोटा नव्हता. वरच्या थरांतल्या हवेची मोजमापं तेव्हा जवळपास नव्हतीच. पण होडी बाहेर काढायची की नाही, हे मच्छीमाराला आज ठरवायचं असतं. सिद्धांत पुरा होईपर्यंत तो थांबू शकत नाही. आजारपण, कर्ज आणि निराशा यांनी खचलेल्या फिट्झरॉयने एप्रिल १८६५ मध्ये आयुष्य संपवलं.

पुढच्याच वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनच्या समितीने प्रतिकूल अहवाल दिला आणि अंदाज व सूचना दोन्ही बंद झाल्या. त्यावर ओरड झाली ती किनाऱ्यावरून. वादळाच्या सूचना १८६७ मध्ये पुन्हा सुरू कराव्या लागल्या. लोकांसाठीच्या रोजच्या अंदाजांना १८७९ उजाडलं.