वैमानिक आणि केबिन कर्मचाऱ्यांच्या ड्यूटीचे नियोजन : छोट्या विमानसेवांसाठी माहिती

विमान कंपनीच्या खर्चात इंधनाखालोखाल वाटा कर्मचाऱ्यांचा असतो. पगार ठरलेलाच असतो. मात्र हॉटेलातील मुक्काम आणि ड्यूटीच्या ठिकाणी पोहोचण्यासाठी प्रवासी म्हणून केलेला प्रवास, ज्याला डेडहेड म्हणतात, हे खर्च आखणीवर ठरतात. आमचे काम या आखणीचे आहे.

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाचे उदाहरण घेऊ. समजा, मुंबईहून आलेल्या वैमानिकांची ड्यूटी रात्री 9 वाजता संपली आणि तेच विमान सकाळी 7 वाजता परत जाणार आहे. दोन ड्यूट्यांमध्ये किमान 12 तास, किंवा आधीची ड्यूटी त्याहून लांब असल्यास तितका वेळ, विश्रांती बंधनकारक असल्याने ही जोडी सकाळी 9 पूर्वी हजर होऊ शकत नाही. मग सकाळसाठी दुसरी जोडी डेडहेडने आणावी लागते. परंतु दुपारीही एक विमान येत असेल, तर त्यातून आलेल्या जोडीने दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण न्यावे आणि रात्री आलेल्या जोडीने दुपारचे, एवढ्या अदलाबदलीने तो फेरा वाचतो.

उड्डाणे वाढली की अशा जुळण्या लाखांत जातात आणि हाताने लावलेला तक्ता अपुरा पडतो. आमची संगणकप्रणाली बेसवरून, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या मूळ विमानतळावरून, निघून बेसवर परतणाऱ्या उड्डाणांच्या साखळ्या, म्हणजे पेअरिंग, तयार करते, त्यांतून प्रत्येक उड्डाण भागवणारा कमी खर्चाचा संच निवडते आणि त्यानंतरच रजा व प्रशिक्षण पाहून व्यक्तिनिहाय रोस्टर लावते.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी 2024 मध्ये जाहीर केलेल्या सुधारित नियमांनी साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेली आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा 6 वरून 2 वर आणली. ही विश्रांती वैमानिकाच्या हक्काची आणि प्रवाशांच्या सुरक्षेची आहे, असे आम्ही मानतो. त्यामुळे तिला कात्री लावून बचत दाखवणे आमच्या पद्धतीत बसत नाही.

कागदावरचा सर्वांत स्वस्त तक्ताही आम्ही सहसा सुचवत नाही. त्यात कर्मचारी अर्ध्या-पाऊण तासात एका विमानातून दुसऱ्यात जातात आणि हिवाळ्यात धुक्याने पहिले उड्डाण रखडले की पुढची दोन-तीन उड्डाणे कोलमडतात. शक्य तिथे कर्मचारी विमानासोबतच ठेवावेत आणि त्यासाठी थोडा जादा खर्च सोसावा, असा आमचा आग्रह असतो.

अंदाजपत्रकासाठी आपण मागील तीन महिन्यांचे रोस्टर आणि उड्डाणांच्या प्रत्यक्ष वेळा द्याव्यात. केवळ जाहीर वेळापत्रकावरून आम्ही बचतीचा आकडा सांगत नाही.