सायडर उकळू नका, गरम करा

सप्टेंबर-ऑक्टोबर लागला की अमेरिकेच्या ईशान्येला, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, व्हर्माँट, न्यूयॉर्क राज्याचा वरचा भाग, इथे सफरचंदाच्या बागांबाहेर ताज्या सायडरचे मोठे कॅन दिसायला लागतात. तपकिरी, गढूळ, न गाळलेला सफरचंदाचा रस, दारूचा अंश नाही (ब्रिटनमधलं सायडर आंबवलेलं असतं, ते वेगळं). मग थँक्सगिव्हिंगपासून ख्रिसमसपर्यंत हाच रस दालचिनी, लवंग, संत्र्याची साल घालून घरोघरी गरम होतो. न्यू जर्सी-बॉस्टनकडची आपली मंडळीसुद्धा ॲपल पिकिंगला गेली की येताना एखादा गॅलन घेऊन येतात आणि बरेच जण घरी आल्यावर ते चहासारखं खळाखळा उकळतात, आणि माझं सगळं म्हणणं इथेच आहे.

घरभर सुटलेला वास छानच वाटतो. पण तो वास म्हणजे काय, तर तुमच्या कपात असायला हवे होते ते रेणू हवेत गेलेत. लवंगेचा वास मुख्यतः युजेनॉलचा, दालचिनीचा सिनॅमाल्डिहाइडचा. दोन्हींचा उत्कलनबिंदू २५० अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे पाण्यापेक्षा कितीतरी वर, त्यामुळे वाटतं की ते पातेल्यातच राहतील, पण तसं होत नाही. पाणी उकळताना वाफेबरोबर हे तेलकट रेणूही थोडे थोडे वर जातात, १०० अंशांनासुद्धा. लवंगेचं तेल काढायची कारखान्यातली पद्धत हीच, मसाल्यातून वाफ सोडायची, ती थंड करायची आणि पाण्याखाली तळाशी बसणारं तेल वेगळं करायचं. उघड्या पातेल्यात सायडर उकळणं म्हणजे तेच ऊर्ध्वपातन, फक्त तेल गोळा करायचं सोडून खिडकीबाहेर घालवायचं!

सफरचंदाचा स्वतःचा वास तर अजून नाजूक. तो हेक्झिल ॲसिटेट, ब्युटिल ॲसिटेट अशा एस्टर्सचा (फळांना वास देणाऱ्या, चटकन उडणाऱ्या रसायनांचा), आणि हे मसाल्याच्या तेलांपेक्षा खूप लवकर उडतात. म्हणून जास्त उकळलेल्या सायडरला ताज्या फळाचा नाही तर शिजवलेल्या सफरचंदाचा वास येतो. शिवाय उकळत्या आचेवर दालचिनीच्या सालीतले आणि लवंगेतले टॅनिन्स भराभर उतरतात, मग जिभेला तुरट कोरडेपणा येतो, आणि लोक साखर घालत सुटतात, जी मुळात लागतच नाही.

मग किती गरम करायचं? कडेला बारीक बुडबुडे, वर वाफ, पण खळखळ नाही, म्हणजे साधारण ८० ते ८५ अंश. झाकण ठेवा, वाफ झाकणाला लागून परत खाली पडते आणि वासाचाही बराचसा भाग परत येतो. २ लिटरला दालचिनीचे २ तुकडे, लवंगा ५-६, आल्याची एक चकती, संत्र्याची साल (पांढरा भाग कडू असतो, तो शक्यतो नको), मंद आचेवर २०-२५ मिनिटं. लवंग वाढवू नका, युजेनॉल जीभ बधिर करतं, दातदुखीवर लवंग धरतात ती त्याचसाठी. दालचिनीची पूड तर अजिबात नको, तिच्यात चिकट द्रव्य असतं, ते पाणी पिऊन फुगतं आणि तळाशी बुळबुळीत गाळ होतो. भांडं स्टीलचं घ्या, सायडरमध्ये मॅलिक ॲसिड भरपूर (शील या स्वीडनच्या रसायनतज्ज्ञाने १७८५ मध्ये ते सफरचंदाच्या रसातूनच वेगळं केलं होतं), त्यामुळे ॲल्युमिनियम किंवा कल्हई नसलेलं तांबं-पितळ नको.

आता एक गोष्ट जी मला खरंच महत्त्वाची वाटते. बागेतलं सायडर पाश्चराइज केलेलं आहे का ते बघा. आंबट रसात जंतू वाढत नाहीत असा पूर्वी समज होता, पण ई. कोलाय या जंतूचा ओ१५७ प्रकार आम्लातही तग धरतो, फ्रीजमध्येही बरेच दिवस. झाडाखाली पडलेल्या फळांना गुरांची, हरणांची विष्ठा लागली की तो रसात येतो. १९९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ताज्या सायडरमुळे साथ आली होती आणि १९९६ मध्ये पाश्चराइज न केलेल्या सफरचंदाच्या रसामुळे अमेरिकेत एक लहान मूल दगावलं, त्यानंतर तिथे नियम कडक झाले. बागेत थेट विकलेल्या कच्च्या सायडरवर धोक्याची सूचना छापलेली असते, ती वाचा. ७१ अंशांपर्यंत नीट गरम केलं की हा जंतू मरतो, म्हणजे चवीसाठी उकळायची गरज नाही आणि सुरक्षिततेसाठीही नाही. पाश्चराइज केलेलं असेल तर एक युक्ती करता येते, कपभर सायडर बाजूला ठेवायचं आणि गॅस बंद केल्यावर ओतायचं, ताज्या सफरचंदाचा वास परत येतो. कच्चं असेल तर मात्र हे करू नका.

आणि प्यायल्यावर ऊब वाटते ती फक्त तापमानाची नसते. आपल्या मज्जातंतूंवर उष्णता आणि झोंबणं ओळखणारी प्रथिनं, म्हणजे ग्राही, असतात, तापमान आणि स्पर्शाच्या अशा ग्राहींच्या संशोधनासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं. लवंगेतलं युजेनॉल टीआरपीव्ही३ या उबेच्या ग्राहीला चालू करतं, आल्यातलं जिंजेरॉल मिरचीच्या तिखटाने चालू होणारा टीआरपीव्ही१च चालू करतं आणि दालचिनी टीआरपीए१ ला, जो झोंबण्याची खबर देतो. आपल्याकडे आलं-लवंग उष्ण म्हणतात, त्या जाणवण्याला जिभेवरच इतका भक्कम आधार आहे याचं मला फार अप्रूप वाटतं.

महाराष्ट्रात ताजं सायडर मिळणं कठीण. खोक्यातला पारदर्शक रस चालतो पण पेक्टिन (फळाच्या रसाला दाटपणा देणारा पदार्थ) काढून टाकलेलं असल्याने पातळ लागतो. त्यापेक्षा गोड आणि आंबट अशी दोन्ही सफरचंदं मिक्सरमधून काढून पंच्यातून पिळून घ्या, रंग काळपट होईल, होऊ दे, फळातलं एन्झाइम आणि हवा मिळून ते करतात आणि बागेतलं सायडरही तसंच तपकिरी असतं. रोज पिणार असाल तर दालचिनी पातळ सालीची, अनेक पापुद्र्यांची घ्या, बाजारातल्या जाड, कडक कॅसिया जातीच्या दालचिनीत कूमारिन हे द्रव्य बरंच जास्त असतं आणि ते सतत घेतलं तर यकृताला बरं नाही. उरलेलं सायडर मसाले काढूनच फ्रीजमध्ये ठेवा, रात्रभर लवंग आत राहिली तर सकाळी फक्त लवंगच लागते.