वीतभर यंत्राचा गंज

वॉरहॅमर ४०,००० हा स्वतः रंगवलेली छोटी मॉडेले टेबलावर सरकवून खेळायचा युद्धखेळ. त्यातले इम्पीरियल नाइट हे दोन पायांचे लढाऊ यंत्र टेबलावर उभे केले की साधारण वीतभर भरते. त्याच खेळातला नेहमीचा सैनिक शेजारी ठेवला तर जेमतेम त्याच्या गुडघ्याला लागतो. सैनिक रंगवून हात बसलेला माणूस पहिल्यांदा नाइट रंगवायला घेतो तेव्हा जुन्याच खुबीवर भिस्त ठेवतो. मूळ रंग, त्यावर वॉश म्हणजे पाण्यासारखा पातळ काळपट रंग, वर ड्रायब्रश म्हणजे जवळजवळ कोरड्या कुंचल्याने घासलेला उजळ रंग. सैनिकाच्या अंगावर पट्टे, फटी, पिशव्या इतक्या दाटीने असतात की वॉश आपोआप खाचेत उतरतो आणि ड्रायब्रश आपोआप उंचवट्याला लागतो. नाइटच्या नडगीवर मात्र सरळसोट पत्रा. तिथे वॉश वाळताना कडेला सरकतो आणि चहाचा कप उचलल्यावर टेबलावर उमटते तसले वर्तुळ सोडतो. ड्रायब्रश खडू घासल्यासारखा दिसतो. दोन संध्याकाळी खर्चून हाती येते ते डागाळलेले प्लास्टिक.

यावर आज कुणीही सांगतो तो उपाय म्हणजे वेदरिंग. ऊन, पाऊस, धूर, चिखल यांनी यंत्राची जी दशा होते ती रंगाने दाखवायची. मराठीत या सगळ्याला मिळून एक शब्द नाही, पण सुटे शब्द हवे तेवढे आहेत: गंज, ओघळ, पोपडे, काजळी, शिंतोडे. कोकणातल्या एखाद्या जुन्या एसटीच्या पत्र्याकडे नीट पाहिलेल्या माणसाला यातले काहीच नवीन वाटणार नाही. गंमत अशी की यातली एकही युक्ती युद्धखेळ खेळणाऱ्यांनी शोधलेली नाही. रेल्वेची मॉडेले करणारे, रणगाडे करणारे आणि सिनेमाच्या कार्यशाळेत राबणारे, अशा तिघांकडून ती उसनी आली, आणि आली तीही मॉडेले मोठी होत गेली तशी.

मुळात खेळण्यातले सैनिक चकचकीतच असत. लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने १८९३ मध्ये शिशाचे पोकळ सैनिक ओतायला सुरुवात केली. त्यांची उंची ५४ मिलिमीटर, कारण तेव्हाच्या एक नंबर गेजच्या (रुळांच्या ठरावीक मापाच्या) खेळण्यातल्या आगगाडीशेजारी ते शोभायला हवे होते. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’मधून घरच्या जमिनीवर लढायचे नियम छापले, ते याच सैनिकांसाठी आणि त्याच कंपनीच्या स्प्रिंगच्या तोफेसाठी. लाल डगला, काळी टोपी, गालावर गुलाबी ठिपका, सगळे चकाकत्या इनॅमलमध्ये. आपल्याकडे दिवाळीच्या किल्ल्यावर उभे राहणारे मातीचे मावळे आठवा. लढाईतून आलेला मावळा कुणी मागत नाही, बाजारातून नुकता आणलेलाच हवा असतो.

मळवण्याची हौस आधी लागली ती रेल्वेवाल्यांना. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे जॉन अ‍ॅलन हा व्यवसायाने छायाचित्रकार असलेला माणूस दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या घराच्या तळघरात एक छोटी मॉडेल रेल्वे उभारत होता. नाव Gorre & Daphetid, ज्याचा उच्चार इंग्रजीत ‘गोरी अँड डिफीटेड’ म्हणजे ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असा ऐकू यावा अशी कोटी त्यात होती. त्याच्या मालडब्यांवर गंजाचे ओघळ होते, छपरांवर काजळी होती, लाकडी शेडच्या फळ्या उन्हाने राखाडी पडलेल्या होत्या. छायाचित्रकार असल्याने त्याला कळत होते की कॅमेऱ्याला नवा रंग खोटा दिसतो. (हाच गृहस्थ डबे ढकलण्यासाठी इंजिनाऐवजी एमा नावाचा खेळण्यातला स्टेगोसॉरस डायनासोर वापरायचा, तेव्हा वास्तववादाचाही त्याला फार अहंकार नव्हता.) जानेवारी १९७३ मध्ये तो गेला आणि त्यानंतर काही दिवसांतच आगीत ती रेल्वे बरीचशी जळाली. राहिली ती छायाचित्रे, आणि त्यांच्याकडे पाहून डबे मळवायला शिकलेली एक पिढी.

रणगाड्यांकडे ही विद्या जायला प्लास्टिकची वाट पाहावी लागली. जपानच्या शिझुओकातली तामिया मूळची लाकडाच्या धंद्यातली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. त्याचे माप १/३५ ठरले, कारण आत बॅटरी मावायला हवी होती. पुढे १९६८ पासून याच मापाची सैनिकी मालिका सुरू झाली आणि बॅटरीच्या आकारावरून पडलेले माप साऱ्या जगाचे झाले. मुलांचे खेळणे मोठ्यांच्या हाती गेले, तेव्हा मोठ्यांना ते हिरवे प्लास्टिक पटेना.

शिकागोच्या शेपर्ड पेन यांचे नाव इथे घ्यायलाच हवे. १९७० च्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या खोक्यात त्यांच्या देखाव्यांची रंगीत घडीपत्रके येत. आत किट, सोबत हे पत्रक, आणि त्यात हा देखावा कसा केला याची साधी, हात धरून शिकवल्यासारखी माहिती. वॉशने खाचा गडद करा, जवळजवळ कोरड्या कुंचल्याने कडा उजळा, चाकांना माती लावा. मोनोग्रामला किट खपवायचे होते, पण घराघरात जाऊन पडले ते एक शिकवणीपत्र. १९८० च्या दशकात बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांनी वॉश आणि ड्रायब्रशच्या याच जोडीला आपल्या नावाची शैली बनवले. ती इतकी चालली की रणगाडे पीठ भुरभुरल्यासारखे पांढुरके दिसू लागले. माझ्या मते ड्रायब्रशची बदनामी झाली ती तिथे. कुंचल्याचा त्यात दोष नव्हता.

मधल्या काळात सिनेमाने एक वेगळेच काम केले. १९७७ च्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’साठी मॉडेल करणाऱ्यांनी रणगाड्यांच्या आणि विमानांच्या किटचे सुटे भाग यानांवर चिकटवले आणि वर धूळ, तेल, जळल्याच्या खुणा रंगवल्या. तोवर पडद्यावरचे भविष्य बहुतेक वेळा स्वच्छ, पांढरे असायचे. आता अवकाशयानही गॅरेजमधल्या ट्रकसारखे दिसू शकते हे सगळ्यांना कळले. तिकडे जपानात १९८० मध्ये बांडाई या खेळणी कंपनीने गंडम या टीव्ही-कार्टूनमधल्या यंत्रमानवाची पहिली किट ३०० येनला विकायला काढली. रणगाडे रंगवणाऱ्या मुलांनी ती हाती घेतली आणि टीव्हीवरच्या लाल-निळ्या यंत्रमानवाच्या घोट्यांना चिखल लावला. न घडलेल्या युद्धातले यंत्रही थकलेले दाखवता येते ही परवानगी इथे पक्की झाली. नाइट हे याच कुळातले.

युद्धखेळ मात्र अजून लहान होता. गेम्स वर्कशॉप या कंपनीने १९८७ मध्ये ‘रोग ट्रेडर’ म्हणजे वॉरहॅमर ४०,००० ची पहिली आवृत्ती आणली तेव्हा त्यात सैनिकच सैनिक. मोठे वाहन हवे असेल तर कंपनीच्या स्वतःच्या ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकानेच डिओडरंटच्या रिकाम्या बाटलीपासून ते करायला शिकवले होते. १९८८ मध्ये रायनो हे प्लास्टिकचे चिलखती वाहन आले. पण रंगवण्याचा आदर्श ठरवत होता तो कंपनीचा ‘ईव्ही मेटल’ हा रंगवणाऱ्यांचा चमू, आणि त्यांचे काम चकचकीत, कडा रेषेने उजळलेल्या, १९९० च्या दशकात तर सैनिक ज्यावर उभा तो तळही थेट हिरवागार. त्याला कारणही होते. तीन फुटांवरून पाहिले तर २८ मिलिमीटरचा सैनिक भडकच हवा, नाहीतर टेबलावर तो हरवतो. त्याच कंपनीत जॉन ब्लांश तपकिरी, धुरकट, सडलेली चित्रे काढत होते. चित्रात सगळे जग कुजलेले आणि कपाटात सैनिक मात्र आंघोळ करून उभे, अशी ही दुफळी बरीच वर्षे चालली.

ती मोडली आकाराने. आधी रेझिनचे (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या राळेचे) टायटन, म्हणजे नाइटहूनही मोठी यंत्रे, अमेरिकेत परवान्यावर निघालेली आणि मग गेम्स वर्कशॉपच्याच फोर्ज वर्ल्ड या शाखेची. २००७ मध्ये बेनब्लेड हा महारणगाडा प्लास्टिकमध्ये आला, २०१४ मध्ये नाइट, २०१५ मध्ये रेझिनचा वॉरलॉर्ड टायटन, तो दीड फुटाहून उंच. एवढ्या मोठ्या पत्र्यांवर कडा उजळून काय होणार? कडेपासून कडेपर्यंत तळहाताएवढी मोकळी जागा, आणि नजर तिथेच जाऊन थांबते. रणगाडेवाल्यांनी नेमका हाच प्रश्न आधी सोडवला होता.

त्यांच्यात तोवर स्पेनने आघाडी घेतली होती. मिग हिमेनेझ यांच्यासारख्या मंडळींनी वॉश सगळीकडे ओतणे बंद केले. बारीक कुंचल्याने तो फक्त फटीत आणि रिव्हेटभोवती सोडायचा. सपाट पत्र्यावर तैलरंगाचे चार-पाच वेगवेगळे ठिपके द्यायचे आणि व्हाइट स्पिरिटने ओलसर केलेल्या कुंचल्याने ते वरून खाली ओढायचे. ठिपके जवळजवळ नाहीसे होतात. मागे राहते ती पत्र्यात हलकेच फिरणारी छटा, पाण्याच्या वाटेने उतरलेली. हे जमते ते एका साध्या गोष्टीमुळे: खालचा अ‍ॅक्रिलिक रंग पुरता वाळला की व्हाइट स्पिरिट त्याला विरघळवत नाही. चुकले तर पुसून पुन्हा करता येते. पाण्याचा वॉश वाळला की संपले, तैलरंग मात्र तास-दोन तास माफी देतो. मोठ्या पत्र्यावर नवख्याला मी तैलरंग सुचवतो तो त्यासाठीच. नाव ऐकून घाबरायचे कारण नाही. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातले टर्पेंटाइनही सुरुवातीला चालते. वास मात्र घरच्यांना सोसत नाही.

२००९ मध्ये एके इंटरॅक्टिव्ह आणि त्यानंतर मिग यांचीच अ‍ॅमो, या कंपन्यांनी हीच मिश्रणे बाटलीत भरली. ओघळांची बाटली, गंजाची बाटली, पावसाच्या डागांची बाटली. गेम्स वर्कशॉपनेही २०१२ मध्ये न्यूल्न ऑइल आणि अ‍ॅग्रॅक्स अर्थशेड हे वॉश आणले, पण ते पाण्यावरचे, लहान सैनिकाच्या मापाचे. नाइटवर ते फटीपुरते वापरावे.

पोपड्यांची गोष्ट वेगळी. युद्धातल्या रणगाड्यांवर हिवाळ्यात चुन्यासारखा पांढरा रंग फासत, आणि तो घासून उडत असे. तसे दाखवायला खालच्या रंगावर केसांचा स्प्रे मारायचा, वर अ‍ॅक्रिलिक द्यायचा, मग पाणी लावून ताठ कुंचल्याने खरवडायचे. पाणी आत शिरते, स्प्रे विरघळतो, वरचा रंग सुटतो. सुंदर युक्ती, पण वेळेची गणिते फार. युद्धखेळवाल्यांनी उचलली ती त्याहून सोपी. धातूचे सैनिक ज्या फुगीर पारदर्शक पाकिटातून यायचे त्यात फोमचा एक तुकडा असे. तो फाडायचा, गडद तपकिरी रंगात टेकवायचा, बराचसा रंग कागदावर काढायचा आणि पत्र्याच्या कडांना टिपायचे. हात ठिपके काढायला लागला की त्यांना ओळीत बसवतो. फाटलेल्या फोमला शिस्तच नसते, म्हणून ते खरे दिसतात. त्यात माप सांभाळावे लागते. २८ मिलिमीटरचा सैनिक साधारण साठाव्या हिश्श्याचा धरला तर नाइटवरचा एक मिलिमीटरचा पोपडा म्हणजे खऱ्या यंत्रावर सहा सेंटीमीटर. चार मिलिमीटरचा ठिपका दिला की वीतभर यंत्र दिसायला पुन्हा वीतभरच होते.

गंज किती, यावर भांडणे आहेत. रणगाड्यांचे अभ्यासक म्हणतात की आघाडीवरचा रणगाडा बहुधा गंजण्याइतका जगतच नसे. त्यावर धूळ, चिखल, तेल असे, लालभडक गंज नव्हे. हे बरोबर आहे आणि त्यांनी आपल्या मॉडेलवर ते पाळावे. नाइटचे वय मात्र गोष्टीतच हजारो वर्षांचे. तरीही ते सरदार घराण्याचे वाहन, चिन्हे आणि पट्टे अभिमानाने मिरवणारे. म्हणून मला पटते ते असे: घराण्याच्या रंगांचे पत्रे जपलेले, फक्त कडांना खरचटलेले, सांगाडा, पिस्टन आणि धुराडी तेलकट, काजळलेली, चिखल पंज्यांवर, घोट्याच्या वर फारसा नाही.

स्पर्धेतल्या मॉडेलवाल्यांचे एक साधन खेळणाऱ्यांना फार उपयोगी पडले नाही. रंगीत भुकटी पत्र्यावर धुळीसारखी बसते, पण बोट लागले की उठते, आणि वरून वॉर्निश मारले तर निम्मी दिसेनाशी होते. ज्याला दर दोन मिनिटांनी उचलून पुढे सरकवायचे त्याला ती चालत नाही, म्हणून तळावर दाणेदार रंगाचा चिखल आला. मॅट वॉर्निशही आपल्याकडे जपून. मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेत फवारले तर पांढुरके धुके बसते आणि दोन महिन्यांचे काम ढगाळ दिसू लागते. ते ऑक्टोबरवर ढकललेले बरे.

इतके करूनही नाइट खोक्यात घालताना कुठे तरी घासतो, लढाईत कुणाची बाही अडकून आडवा होतो आणि खांद्याच्या कडेचा रंग खरोखरच उडतो. चकचकीत सैनिकाच्या काळात मग मूळ लाल रंगाची बाटली शोधावी लागे. इथे तोच फाटका फोम, तोच तपकिरी रंग, एक टिचकी, आणि पुढची चाल.