पस्तिशीच्या आत डाउन सिंड्रोमची भीती नाही?

‘पस्तिशीच्या आत मूल झालं की डाउन सिंड्रोमची काळजी नाही,’ हा समज चुकीचा आहे. (डाउन सिंड्रोम म्हणजे 21वं गुणसूत्र एक जास्तीचं असल्याने बाळाच्या वाढीवर आणि बुद्धीवर परिणाम होणं.) वय वाढतं तशी शक्यता वाढते, हे खरं. पण पस्तिशीला कुठलीही भिंत नाही. जन्माच्या वेळची शक्यता पंचविशीत सुमारे 1,250 मध्ये 1, तिशीत 1,000 मध्ये 1, पस्तिशीत 350 मध्ये 1, चाळिशीत 100 मध्ये 1 आणि पंचेचाळिशीत 30 मध्ये 1. म्हणजे चाळिशीतही साधारण 99 टक्के बाळांना डाउन सिंड्रोम नसतो, हेही घाबरलेल्या आईला कुणी सांगत नाही!

स्त्रीची बीजं तिच्या स्वतःच्या जन्माआधीच तयार झालेली असतात. वर्षं जातात तशी गुणसूत्रांच्या जोड्या नीट वेगळ्या होण्यात चूक वाढते आणि बीजात 21वं गुणसूत्र एक जास्तीचं राहतं. तरुणपणीही ही चूक होतेच. बाळंतपणं तरुण वयात जास्त, म्हणून अशी बरीच बाळं तरुण आयांचीच असतात.

म्हणून चाचणी वय न पाहता विचारा: 11 ते 13 आठवड्यांत एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागचा द्रव मोजणारी) आणि डबल मार्कर (आईच्या रक्ताची चाचणी). त्यात धोका जास्त दिसला तरी ते निदान नव्हे. एनआयपीटी (आईच्या रक्तातून बाळाची गुणसूत्रं तपासणारी चाचणी) हीसुद्धा चाळणीच, खात्री गर्भजल तपासणीने होते, साधारण 15 आठवड्यांनंतर.